थायरॉईडचे बिघाड आणि रक्त गोठण्याची क्रिया

शुभदा_लॅब

थायरॉईडचे निदान झाले की घरात चर्चा होते ती वजनाची, केसगळतीची, थकव्याची आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीची. या ग्रंथीचा रक्त गोठण्याशी किती जवळचा संबंध आहे, हे मात्र रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि माझे बरेचसे काम रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे असते. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे आढळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

रक्तवाहिनीला इजा झाली की सर्वप्रथम प्लेटलेट तेथे येऊन चिकटतात. वाहत्या रक्तात त्यांना त्या जागी धरून ठेवण्याचे काम व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचे लांबलचक प्रथिन करते. हे प्रथिन मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत तयार होते. त्याचे दुसरे काम म्हणजे फॅक्टर ८ या गोठण घटकाला रक्तात सांभाळून नेणे. त्यामुळे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर कमी झाला की फॅक्टर ८ देखील कमी होतो, आणि रक्त गोठण्याच्या दोन्ही पायऱ्या एकाच वेळी लंगड्या पडतात.

थायरॉईड संप्रेरकाचा प्रभाव नेमका येथे पडतो. संप्रेरक कमी पडले, म्हणजे हायपोथायरॉईडिझम झाला, की या प्रथिनाची निर्मिती मंदावते. त्यातून जी अवस्था येते तिला उपार्जित व्हॉन विलेब्रँड विकार म्हणतात, कारण हा दोष जन्मजात नसून नंतर आलेला असतो. अशा रुग्णाला किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात, घोळणा फुटतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळीत अंगावरून फार जाते. लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीने संप्रेरकाची पातळी पूर्ववत झाली की हा दोष बहुतेकदा आपोआप भरून निघतो. रक्तस्रावाच्या विकारांत इतका साधा आणि स्वस्त उपाय असणारी उदाहरणे फार थोडी आहेत, म्हणून तो ओळखला न जाण्याचे मला जास्त वाईट वाटते.

संप्रेरक जास्त झाले तर चित्र उलटे होते. हायपरथायरॉईडिझममध्ये व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, फॅक्टर ८ आणि फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचे जाळे बनते ते प्रथिन) वाढतात. झालेली गुठळी विरघळवण्याची जी शरीराची व्यवस्था असते, तिला रोखणारे पीएआय-१ हे प्रथिनही वाढते. म्हणजे गुठळी बनण्याकडे कल वाढतो आणि ती विरघळण्याचा वेग मंदावतो. पायाच्या खोल शिरांत किंवा मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका अशा रुग्णांत वाढलेला असतो.

हे सगळे मांडण्यामागे माझा मुख्य मुद्दा एकच आहे. थायरॉईडची पातळी ज्या काळात एका टोकाकडून दुसरीकडे सरकत असते, म्हणजे उपचार सुरू होतात किंवा डोस बदलतो, त्या काळात रक्ताकडे विशेष लक्ष द्यायला हवे. जे रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. त्याबद्दल पुढे लिहीनच, पण आधी आपले अनुभव आणि प्रश्न येऊ द्यावेत.

मृण्मयी_प

अत्यंत उपयुक्त धागा. माझी मोठी बहीण गेली काही वर्षे पाळीच्या त्रासाने हैराण होती. दर महिन्याला मोठ्या गुठळ्या पडत, हिमोग्लोबिन सतत आठ-नऊच्या घरात असे, आणि सोनोग्राफीत सांगण्यासारखे काही सापडत नसे. शेवटी तिला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी, थायरॉईड कमी पडले की हा आकडा वाढतो) करायला सांगितले आणि ते पन्नासच्या वर निघाले. शस्त्रक्रिया पुढे ढकलून गोळी सुरू केली आणि हळूहळू पाळी आटोक्यात आली. पिशवी आजही शाबूत आहे. माझा प्रश्न असा, की तिचे बीटी-सीटी म्हणजे रक्तस्रावाची आणि रक्त गोठण्याची वेळ आधी दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा अहवाल नॉर्मल होता. मग दोष दिसला कसा नाही?

शुभदा_लॅब

मृण्मयीताई, आपल्या बहिणीची पिशवी वाचली हे वाचून फार समाधान वाटले.

बीटी-सीटी ही चाचणी आपल्याकडे शस्त्रक्रियेपूर्वी सवयीने केली जाते. मात्र बोटाला टोचून कागदाने रक्त टिपत घेतलेली वेळ इतकी ढोबळ असते की मध्यम स्वरूपाचा दोष तिच्यात सहज लपतो. त्यापुढची पायरी म्हणजे पीटी आणि एपीटीटी या प्रयोगशाळेत रक्त गोठण्याची वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्या. फॅक्टर ८ चा सहभाग पीटीमध्ये नसतो, म्हणून या विकारात पीटी नॉर्मल येते. एपीटीटी लांबू शकते, परंतु फॅक्टर ८ बऱ्यापैकी खाली गेल्याशिवाय तीही लांबत नाही. त्यामुळे संशय असेल तर व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी, त्याचे प्रत्यक्ष कार्य आणि फॅक्टर ८ या तीन गोष्टी थेट मोजाव्या लागतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी ही संस्था रक्तस्रावाच्या अशा विकारांवर काम करते आणि मोठ्या खासगी प्रयोगशाळांतही या चाचण्या होतात.

प्रयोगशाळेच्या बाजूने एक तपशील सांगते. एपीटीटीसाठी निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. त्या नळीत सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावे लागते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होते आणि निरोगी माणसाची एपीटीटीसुद्धा लांबलेली दिसते. म्हणून लांबलेला अहवाल आला की मी प्रथम नळीतील रक्ताची पातळी डोळ्यांनी पाहते आणि शंका आली तर नमुना पुन्हा मागवते. दुसऱ्या नमुन्यातही वेळ लांबली, तर रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून चाचणी पुन्हा लावते. वेळ नॉर्मल झाली तर रुग्णाच्या रक्तात काहीतरी कमी आहे असे कळते, आणि नाही झाली तर एखादे प्रतिपिंड आड येत असण्याची शक्यता असते. हायपोथायरॉईडिझममध्ये निर्मितीच कमी असल्याने मिसळल्यावर वेळ सुधारते. अशा अहवालाखाली मी शेऱ्यात टीएसएच तपासण्याची सूचना आवर्जून लिहिते.

वैद्यक_विद्यार्थी

मॅडम, एक शंका विचारतो. पाळीतील अतिरक्तस्रावासंबंधी ब्रिटनच्या नाईस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की थायरॉईडची इतर लक्षणे असतील तरच टीएसएच करावे, प्रत्येकीचे सरसकट करू नये. मग आपण प्रत्येकीला ही चाचणी सुचवणे पुराव्याला धरून होईल का?

शुभदा_लॅब

शंका रास्त आहे आणि त्या सूचनेमागचा तर्कही योग्य आहे. किंचित वाढलेले टीएसएच सापडले म्हणून अतिरक्तस्रावाचे कारण सापडले असे मुळीच होत नाही. फायब्रॉइड, ॲडिनोमायोसिस, पॉलिप असे गर्भाशयाचे आजार आणि बीजनिर्मितीतील अनियमितता ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. शिवाय थायरॉईड कमी असताना पाळी बिघडण्यामागे गोठण्याचा दोष हे एकच कारण नसते. बीजनिर्मिती अनियमित होणे हेही तितकेच महत्त्वाचे असते.

तरीही माझे मत थोडे वेगळे आहे आणि त्याला आपल्याकडच्या परिस्थितीचा आधार आहे. मुंबई आणि गोव्यासह भारतातील ८ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत हायपोथायरॉईडिझम आढळला होता. शिवाय "इतर लक्षणे" ही अट आपल्याकडे नीट लागू होत नाही. थकवा, अंग जड वाटणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे या तक्रारी आपल्या बायका लक्षण म्हणून सांगतच नाहीत. घरकामाचा शीण म्हणून त्या सगळे अंगावर काढतात. रक्तक्षयामुळे येणारा थकवा आणि थायरॉईडमुळे येणारा थकवा तपासणीच्या खोलीत वेगळा ओळखू येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे असे, की आपल्याकडे पिशवी काढण्याचा निर्णय फार लवकर होतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची मुळे कामाच्या पद्धतीत, मजुरी बुडण्याच्या भीतीत आणि आरोग्यसेवेच्या अभावात होती. तो थायरॉईडचा प्रश्न होता असे मी अजिबात म्हणत नाही. परंतु जेथे परत न फिरवता येणारी शस्त्रक्रिया इतक्या सहज सुचवली जाते, तेथे काही शे रुपयांची एक चाचणी आधी करून घ्यावी, एवढेच माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

जिला पहिल्या पाळीपासूनच फार जाते, तिच्यात मात्र जन्मजात व्हॉन विलेब्रँड विकाराचा विचार आधी करावा. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरील ज्या कुटुंबावरून या विकाराचे वर्णन केले, त्या कुटुंबातील मुलगी वयाच्या तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने दगावली होती. शंभर वर्षे होत आली तरी पाळीचे रक्त मोजून विचारण्याची सवय आपल्या तपासणीत पुरेशी रुजलेली नाही.

देवगडकर

माझ्या आईचा अनुभव लिहितो, कारण शुभदाताईंनी ज्या "बदलाच्या काळाचा" उल्लेख केला आहे तो आमच्या घरात प्रत्यक्ष घडला. लहानपणीच्या संधिवाती तापाने आईची हृदयाची झडप खराब झाली होती. कृत्रिम मायट्रल झडप बसवल्यापासून ती ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. आयएनआर (रक्त किती पातळ झाले हे दाखवणारा आकडा) बरीच वर्षे ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहत असे. मधल्या काळात मात्र तो खाली येऊ लागला आणि डॉक्टर गोळीचा डोस वाढवत गेले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी चेहऱ्यावरची सूज पाहून थायरॉईड तपासले. ते बरेच कमी होते. थायरॉईडची गोळी सुरू झाली, पण ही गोळी लिहून देणाऱ्यांनी आयएनआर पुन्हा तपासण्याबद्दल काही सांगितले नाही आणि आम्हालाही ते सुचले नाही. काही आठवड्यांनी आईच्या दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला आणि एका रात्री घोळणा फुटला तो थांबेना. आयएनआर सातच्या वर गेला होता. व्हिटॅमिन के द्यावे लागले. आई आता ठीक आहे. माझा प्रश्न असा, की थायरॉईड कमी असताना रक्तस्राव होतो असे आपण लिहिले आहे, तर मग थायरॉईड सुधारत असताना रक्तस्राव कसा झाला?

शुभदा_लॅब

देवगडकर, आई सुखरूप आहेत हे महत्त्वाचे. आपला प्रश्न हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वॉरफरिन आणि ॲसिट्रॉम ही औषधे यकृतात व्हिटॅमिन के वापरून तयार होणाऱ्या गोठण घटकांची, म्हणजे फॅक्टर २, ७, ९ आणि १० यांची निर्मिती रोखतात. रक्तात आधीपासून फिरत असलेल्या घटकांना ती हात लावत नाहीत. ते घटक आपल्या गतीने झिजून संपतात आणि नवे कार्यक्षम घटक पुरेसे तयार होत नाहीत, म्हणून रक्त पातळ होते. ही झीज किती वेगाने व्हावी, हे मोठ्या प्रमाणात थायरॉईड ठरवते.

थायरॉईड कमी असते तेव्हा शरीरातील सगळेच व्यवहार मंदावतात आणि या घटकांची झीजही मंदावते. जुने घटक रक्तात जास्त काळ टिकतात, म्हणून तेवढ्याच गोळीने आयएनआर पुरेसा वाढत नाही आणि डोस वाढवावा लागतो. आपल्या आईच्या बाबतीत पहिल्या टप्प्यात हेच झाले. पुढे लेव्होथायरॉक्सिन सुरू झाले आणि झिजेचा वेग पूर्ववत झाला, पण ॲसिट्रॉमचा डोस मात्र मंदावलेल्या शरीरासाठी वाढवलेलाच राहिला. टाकीत पाणी सोडणारा नळ आधीच जवळजवळ बंद केलेला असावा आणि तळाची गळती वाढावी, तशी ही स्थिती असते.

येथे दोन वेगवेगळे परिणाम आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांना जातात, हे नीट समजून घ्यावे. थायरॉईड कमी असलेल्या माणसाचे रक्त मुळात कमी गोठते, परंतु त्याच्यावर वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. थायरॉईड जास्त असलेल्याचे रक्त मुळात जास्त गोठते, परंतु वॉरफरिनचा परिणाम त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त होतो. पहिला परिणाम मुख्यतः व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर ८ यांच्याद्वारे होतो, दुसरा व्हिटॅमिन के वर अवलंबून असणाऱ्या घटकांच्या झिजेमुळे. म्हणून "थायरॉईड कमी म्हणजे रक्त पातळ" असे एका ओळीचे समीकरण मनात धरून कोणी आपली गोळी कमी-जास्त करू नये.

ज्यांच्याकडे ही दोन्ही औषधे चालू आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. थायरॉईडची गोळी सुरू झाली, डोस बदलला किंवा काही कारणाने बंद पडली, तर आयएनआर तपासून घेणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे आणि पुढचे काही आठवडे आयएनआर नेहमीपेक्षा लवकर-लवकर तपासावा. लेव्होथायरॉक्सिनचा पूर्ण परिणाम दिसायला सुमारे ६ ते ८ आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्याचा आयएनआर चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. थायरॉईड जास्त असल्यामुळे कार्बिमॅझोल घेणाऱ्यांत याच्या उलट होते. थायरॉईड खाली येत जाते तसा वॉरफरिनचा परिणाम कमी होतो आणि गुठळीचा धोका डोके वर काढतो.

प्रसाद_नाशिक

ॲमिओडॅरोन या हृदयाच्या गोळीबद्दलही लिहावे. माझ्या वडिलांना ती आणि वॉरफरिन दोन्ही चालू आहेत.

शुभदा_लॅब

प्रसाद, चांगली आठवण केलीत. ॲमिओडॅरोनच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो, त्यामुळे त्याने थायरॉईड कमीही होऊ शकते आणि जास्तही. शिवाय यकृतात वॉरफरिनचा निचरा करणाऱ्या एन्झाइमला ते अडवते आणि थायरॉईड नॉर्मल असतानाही आयएनआर वाढवते. असा रुग्ण असेल तर टीएसएच साधारण दर ६ महिन्यांनी तपासावे आणि आयएनआर विनाकारण हलू लागला तर त्याआधीही तपासावे. ॲमिओडॅरोन शरीरात महिनोन्महिने साठून राहते, म्हणून गोळी बंद केल्यावरही काही काळ ही दक्षता सोडू नये.

कोकणकन्या

मला ग्रेव्हज आजार (ज्यात थायरॉईड जास्त होते) आहे आणि अलीकडेच कार्बिमॅझोल सुरू झाले आहे. घरी श्रावणात मंगळागौर आणि नंतर गणपती असल्याने पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याचा आग्रह होत आहे. याआधी मी त्या घेतल्या आहेत, काही त्रास झाला नव्हता. या वेळी घ्याव्यात का?

शुभदा_लॅब

आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया घेऊ नयेत, आणि त्यांना विचारताना ग्रेव्हजचा उल्लेख आवर्जून करावा. या गोळ्यांत बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन असते. पाळी पुढे ढकलण्यासाठी ते ज्या मात्रेत घेतात, त्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि गुठळ्यांचा धोका वाढवणारे गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेन तेच. थायरॉईड आटोक्यात नसताना फॅक्टर ८ आधीच वाढलेला असतो, त्यात ही भर नको. मागच्या वेळी त्रास झाला नाही याचा आधार घेऊ नये, कारण तेव्हा आपला ग्रेव्हज कदाचित सुरूही झाला नसेल.

मेंदूच्या शिरांतील गुठळी हा तसा विरळा आजार आहे, पण तो तरुण स्त्रियांत जास्त आढळतो, आणि हायपरथायरॉईडिझम व इस्ट्रोजेन ही दोन्ही त्याची नोंदलेली कारणे आहेत. दिवसेंदिवस वाढत जाणारी आणि आडवे झाल्यावर बळावणारी डोकेदुखी, उलट्या, नजर धूसर होणे, झटका येणे किंवा हातापायातील शक्ती कमी होणे यांपैकी काही झाले तर मायग्रेन म्हणून घरी थांबू नये.

सणाबद्दल एवढेच म्हणेन, की पाळीमुळे पूजा अडते की नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे, परंतु त्यासाठी आजारी मुलीच्या रक्ताशी खेळ करू नये, हे घरच्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. हवे तर हा प्रतिसाद त्यांना वाचायला द्यावा.

नलिनीकाकू

कोकणकन्या, मी स्वतः साठीच्या पुढची आहे आणि घरची मंगळागौर मीच बघते. तुझ्या घरच्यांना माझ्या वतीने सांग की सूनबाई धडधाकट असेल तर पुढच्या वर्षी फुगड्या दुप्पट घालता येतील. गोळ्या घेऊ नकोस.

शुभदाताई, माझे दोन प्रश्न आहेत. मला थायरॉईडची गोळी बरीच वर्षे चालू आहे. मध्यंतरी टीएसएच अगदी ०.०५ पर्यंत खाली आले होते आणि छातीत धडधड होत असे. डॉक्टरांनी डोस कमी केला. टीएसएच खाली जाण्यानेही गुठळीचा धोका असतो का? दुसरे असे, की पुढच्या महिन्यात दाढ काढायची आहे, तर काय काळजी घ्यावी?

शुभदा_लॅब

काकू, डोस कमी केला ते योग्यच झाले. उतारवयात थायरॉईड जास्त झाल्याचा मोठा धोका हृदयाच्या वाटेने येतो. हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरू लागतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्त कप्प्यात साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात, वयाच्या साठीपुढच्या ज्या लोकांचे टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात पुढील १० वर्षांत या विकाराचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले होते. म्हणून गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त राहणे हेही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. धडधड पुन्हा झाली, विशेषतः नाडी अनियमित लागली, तर ईसीजी काढून घ्यावा.

दाढेसंबंधी सांगायचे तर, डोस बदलून ६ ते ८ आठवडे झाल्यावर एकदा टीएसएच तपासून घ्यावे. ते मर्यादेत असेल आणि पूर्वी कधी दात काढताना, बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत जास्त रक्त गेले नसेल, तर थायरॉईडमुळे वेगळ्या तपासण्यांची गरज नाही. प्रत्येक थायरॉईड रुग्णाने रक्त गोठण्याच्या सगळ्या चाचण्या करत सुटावे असे मी कधीच सुचवणार नाही. टीएसएच फार वाढलेले निघाले आणि दाढेची घाई नसेल, तर ते खाली आल्यावर दाढ काढावी. घाई असेल तर दंतवैद्यांना आधी कल्पना द्यावी, म्हणजे जखमेवर टाके, दाब आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारे औषध यांची तयारी ते ठेवतील. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेही सांगावे, मात्र स्वतःहून बंद करू नये.

मृण्मयी_प

बहिणीच्या बाबतीत आणखी एक अडचण आली आहे. टीएसएच आधी छान खाली आले होते, पण गेल्या दोन तपासण्यांत पुन्हा वाढले आहे आणि पाळीतही थोडे जास्त जाऊ लागले आहे. गोळी ती न चुकता घेते. रक्तवाढीसाठी लोहाची गोळीही चालू आहे.

शुभदा_लॅब

लोहाची गोळी ती केव्हा घेते ते प्रथम विचारावे. लोह आणि कॅल्शियम आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते पुरेसे शोषले जात नाही. अतिरक्तस्राव झाला म्हणून लोह सुरू होते, लोहामुळे थायरॉईडची गोळी लागू पडत नाही, आणि थायरॉईड पुन्हा घसरल्याने रक्तस्राव वाढतो, असे चक्र मी अनेक अहवालांत पाहिले आहे. लोह बंद मात्र करू नये, कारण थायरॉईड संप्रेरक तयार करणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागते. थायरॉईडची गोळी पहाटे उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने घ्यावा, आणि लोहाची गोळी दुपारच्या जेवणाच्या सुमारास किंवा रात्री, म्हणजे किमान ४ तासांच्या अंतराने घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात, कारण त्यांनी थायरॉईडचा अहवालच चुकीचा येऊ शकतो. वेळा बदलल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) एकत्र तपासावे. टीएसएच मर्यादेत येऊनही रक्तस्राव थांबला नाही, तर व्हॉन विलेब्रँड फॅक्टर तेव्हा मोजावा. थायरॉईड बिघडलेले असताना मोजला तर जन्मजात दोष आणि थायरॉईडमुळे आलेला दोष यांत फरक करता येणार नाही. सोबत तिचा रक्तगटही कळवावा, कारण ओ गटाच्या निरोगी लोकांतही हा फॅक्टर इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असतो आणि अहवाल वाचताना ते लक्षात घ्यावे लागते.

मृण्मयी_प

आत्ताच तिला फोन केला. दोन्ही गोळ्या ती सकाळी एकदमच घेत होती. रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. उद्यापासून लोहाची गोळी रात्री घेईल, आणि नवे अहवाल आले की येथेच लिहीन.